दा, जा आणि तीन देव: खऱ्या-खोट्याचं अवघड कोडं सोडवायचं कसं

हे कोडं पहिल्यांदा हाती पडलं तेव्हा मी तीन रात्री आणि एक अख्खा रविवार त्यात घातला. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा संपला, उत्तर काही निघालं नाही. शेवटी हार मानून उत्तर वाचलं, तर तेही डोक्यावरून गेलं. हा लेख त्या दुसऱ्या फजितीपायी लिहिते आहे. उत्तर तुम्हाला कुठेही मिळेल. ते तसंच का आहे आणि आपल्याला ते सुचावं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोड्याची वंशावळ थोडक्यात सांगते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलॉस यांनी १९९६ साली हार्वर्डच्या एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात ते मांडलं आणि त्याला ‘आजवरचं सर्वांत अवघड तर्ककोडं’ म्हटलं. मूळ कल्पनेचं श्रेय त्यांनी रेमंड स्मलियन यांना दिलं. स्मलियन तर्कशास्त्रज्ञ, जादूगार आणि पियानोवादकही. खरं बोलणाऱ्या आणि खोटं बोलणाऱ्या माणसांच्या बेटाची त्यांची कोडी जगभर पसरली आहेत. त्यावर ‘दा’ आणि ‘जा’ची मेख मारली जॉन मॅकार्थी यांनी, म्हणजे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव ज्यांनी रूढ केलं त्यांनी. इतक्या लोकांनी मिळून आपल्याला छळलंय, तेव्हा एकटीला तीन रात्री लागल्या याची मला आता लाज वाटत नाही.

जवळ काय काय ठेवायचं

- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, खाडाखोडीत आपणच हरवतो.
- पाठकोरे कागद, भरपूर.
- कॅरमच्या तीन सोंगट्या: एक पांढरी, एक काळी आणि राणी. पांढरी म्हणजे खरं बोलणारा, काळी म्हणजे खोटं बोलणारा, आणि राणी कुणाचीच नाही.
- एक नाणं आणि एक दुमडलेली चिठ्ठी. त्यांचं काम शेवटी आहे.
- घरातली तीन माणसं, तयार झाली तर.

बीजगणित लागत नाही. तर्कशास्त्राची चिन्हंही लागत नाहीत. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.

१. कोडं नियमांसकट वाचा

अ, ब आणि क असे तीन देव आहेत. त्यांतला एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं बोलतो, आणि एक लहरी आहे, तो वाटेल ते उत्तर देतो. कोण कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, त्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक आहे. हो किंवा नाही असं उत्तर येईल असे तीनच प्रश्न विचारून तुम्ही तिघांना ओळखायचं. प्रत्येक प्रश्न एकाच देवाला. देवांना तुमची भाषा कळते, पण उत्तर ते त्यांच्या भाषेत देतात. तिथे ‘हो’ आणि ‘नाही’साठी ‘दा’ आणि ‘जा’ हे दोन शब्द आहेत. कुठल्याचा अर्थ काय, ते तुम्हाला माहीत नाही.

मराठी कानाला ‘जा’ ऐकलं की देव आपल्याला हाकलतोय असं वाटतं. सवय होते.

बारीक अक्षरातले नियम बरेच जण वाचत नाहीत. एका देवाला दोन किंवा तिन्ही प्रश्न विचारले तरी चालतात. म्हणजे एखाद्या देवाला तुम्ही काहीच विचारलं नाही, असंही होऊ शकतं. दुसरा प्रश्न कोणता आणि कुणाला, हे पहिलं उत्तर ऐकून ठरवलं तरी चालतं. मी पहिले दोन दिवस प्रत्येक देवाला एक-एक प्रश्न वाटून देत बसले होते. तसं करा असं कुणीच सांगितलं नव्हतं, तो नियम मी स्वतःच घालून घेतला होता.

खरा देव इथे धर्मराज नाही, हेही लक्षात ठेवा. ‘नरो वा कुंजरो वा’ची पळवाट त्याला नाही. तो सरळ खरं बोलतो, आणि खोटा तितक्याच इमानदारीने सरळ खोटं बोलतो. खोट्याचा हा भरवसाच आपल्या कामी येणार आहे.

२. आधी बेटावर जाऊन या

थेट तीन देवांना भिडू नका. आधी लहरी आणि परकी भाषा बाजूला काढा, फक्त खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे ठेवा. एका बेटावर दोघं भेटतात. पहिला म्हणतो, “आम्ही दोघंही खोटारडे.” कोण काय?

पद्धत अशी: एक बाजू खरी धरायची आणि ती कुठे आपटते ते बघायचं. पहिला खरा असेल तर त्याचं बोलणंही खरं, म्हणजे तो स्वतः खोटारडा. आपटलं. म्हणून तो खोटारडा. मग ‘दोघंही खोटारडे’ हे खोटं, म्हणजे दुसरा खरा.

आता हे तुम्ही करा: पहिला म्हणतो, “आमच्यात निदान एक तरी खोटारडा आहे.” उत्तर खाली नाही, कागदावर काढा. दोन मिनिटांत निघालं नाही तर पुढे जाऊ नका, अशी आणखी चार-पाच कोडी सोडवा. माझी भाची आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करताना बुद्धिमत्तेच्या पेपरासाठी अशीच कोडी सोडवत होती. पाचव्या कोड्याला ती म्हणाली, “आत्या, ‘मी खोटारडा आहे’ असं या बेटावर कुणी म्हणूच शकत नाही ना?” नाही म्हणू शकत. खरा म्हणणार नाही कारण ते खोटं, आणि खोटारडा म्हणणार नाही कारण ते खरं. हे वाक्य डोक्यात पक्कं झालं की पाया झाला.

३. प्रश्न विचारण्याआधी मोजा

तीन सोंगट्या तीन जागी किती प्रकारे मांडता येतात? सहा. टेबलावर मांडूनच बघा, हिशोब करण्यापेक्षा ते डोळ्यांत बसतं.

एका प्रश्नाची दोन उत्तरं, दोन प्रश्नांची मिळून चार, तीन प्रश्नांची आठ. सहा शक्यता चार कप्प्यांत वेगवेगळ्या मावणार नाहीत, आठांत मावतील. म्हणजे तीन प्रश्न पुरतील अशी आशा आहे, पण उधळपट्टीला जागा नाही.

आता ‘दा’ म्हणजे काय हेही शोधायचं ठरवलं, तर प्रत्येक मांडणीसोबत अर्थाच्या दोन शक्यता येतात. सहा दुणे बारा. बारा गोष्टी आठ कप्प्यांत मावत नाहीत. म्हणून पहिला सापळा: ‘दा’ आणि ‘जा’चे अर्थ शोधायला जाऊ नका. नव्वद टक्के लोक, मीसुद्धा, पहिला प्रश्न ‘दोन आणि दोन चार होतात का?’ अशा थाटाचा विचारतात. शब्दाचा अर्थ कळला की पुढचं सोपं, असं वाटतं. पण तो देव खोटा निघाला किंवा लहरी निघाला तर अर्थही कळत नाही, आणि प्रश्न गेला तो गेलाच. अर्थ न कळताच काम उरकायचं आहे.

४. खोटं दोनदा बोलायला लावा

या पायरीवर घाई करू नका, कोड्याचा जीव इथे आहे.

पुन्हा बेटावर या. रस्ता दुभंगतो, एक वाट गावाला जाते, दुसरी दलदलीत. तिथे एकच माणूस उभा आहे, खरा की खोटारडा माहीत नाही. एकच प्रश्न विचारायचा. बहुतेकांना दोन पहारेकऱ्यांचं (एक खरा, एक खोटारडा) जुनं कोडं आठवतं आणि त्याचं उत्तरही: ‘दुसऱ्याला विचारलं तर तो कुठली वाट दाखवेल?’ इथे दुसरा नाहीच. मग त्याच माणसाला त्याच्याबद्दल विचारायचं. उजव्या वाटेकडे बोट दाखवून म्हणायचं:

“ही वाट गावाला जाते का, असं मी तुला विचारलं, तर तू ‘हो’ म्हणशील का?”

समजा वाट खरंच गावाला जाते. खरा माणूस ‘हो’ म्हणाला असता, आणि आपण ‘हो’ म्हणालो असतो हेही तो खरंच सांगतो: हो. खोटारड्याला साधा प्रश्न विचारला असता तर तो ‘नाही’ म्हणाला असता. पण आपण ‘नाही’ म्हणालो असतो, हे तो कबूल करेल का? त्याबद्दलही तो खोटंच बोलणार. म्हणून तो म्हणतो: हो. शाळेत ऋण गुणिले ऋण धन असं घोकलं होतं, ते इथे उपयोगी पडतं. एका खोट्याच्या पोटात दुसरं खोटं घातलं की खरं बाहेर येतं.

म्हणजे समोरचा खरा की खोटा हे कळलं नाही तरी वाटेचं उत्तर बरोबरच मिळतं. मला हे कळायला वेळ लागला, कारण मी ‘आधी खोटारड्याला पकडू’ या हट्टाला पेटले होते. त्याला पकडायची गरज नाही. खोटारड्याचं खोटंच पुसून जाईल असा प्रश्न बांधायचा.

५. आता ‘जा’ त्याच साच्यात ओता

देव ‘हो’ म्हणत नाहीत, ‘दा’ किंवा ‘जा’ म्हणतात. मग साच्यातलं ‘हो’ काढून तिथे ‘जा’ घाला:

“मी तुला ‘अमुक खरं आहे का?’ असं विचारलं, तर तू ‘जा’ म्हणशील का?”

(देवाला अरे-तुरे केलेलं चालतं, आपण नाहीतरी तेच करतो.)

गंमत अशी, की अमुक खरं असेल तर उत्तर ‘जा’ येतं आणि खोटं असेल तर ‘दा’. समोर खरा असो वा खोटा, आणि ‘जा’चा अर्थ हो असो वा नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. ‘अमुक’ खरं आहे असं धरून चार ओळी लिहा:

- देव खरा, ‘जा’ म्हणजे हो. साध्या प्रश्नाला ‘जा’ म्हणाला असता. ‘जा म्हणशील का?’ याचं खरं उत्तर हो. तो म्हणतो जा.
- देव खरा, ‘जा’ म्हणजे नाही. साध्या प्रश्नाला ‘दा’ म्हणाला असता. ‘जा म्हणशील का?’ याचं खरं उत्तर नाही. तो म्हणतो जा.
- देव खोटा, ‘जा’ म्हणजे हो. साध्या प्रश्नाला खोटं म्हणून ‘दा’. ‘जा म्हणशील का?’ याचं खरं उत्तर नाही, पण तो उलट सांगणार, म्हणजे हो. जा.
- देव खोटा, ‘जा’ म्हणजे नाही. साध्या प्रश्नाला खोटं म्हणून ‘जा’. ‘जा म्हणशील का?’ याचं खरं उत्तर हो, तो उलट सांगणार, म्हणजे नाही. जा.

चारही ठिकाणी जा. आता ‘अमुक’ खोटं धरून दुसऱ्या चार ओळी तुमच्या तुम्ही लिहा. चारही ठिकाणी दा आला पाहिजे. एखाद्या ओळीत जा आला तर चूक बहुधा खोट्याच्या ओळीत असते: आत खोटं बोलायला लावलं आणि बाहेर विसरलात.

साच्यात ‘जा’ऐवजी ‘दा’ घातलं तरी चालतं, मग ‘दा’ हा होकार ठरतो. मात्र एकदा जे ठरवलं ते शेवटपर्यंत. मध्येच बदललंत तर उत्तरं उलटी वाचाल.

दुसरा सापळा आपल्या मराठीचा आहे. ‘तू लहरी नाहीस ना?’ असा नकारार्थी प्रश्न विचारू नका. ‘जेवला नाहीस का?’ याला आपल्याकडे एक जण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही, नाही जेवलो’ म्हणतो. दोघांचंही पोट रिकामंच. देव कुठल्या पद्धतीने उत्तर देतील, यावर वाद घालत बसाल. तसंच ‘तू खरा की खोटा?’ हा हो-नाहीचा प्रश्नच नाही. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘हो’ म्हटलं तर यजमान वैतागतो. ‘की’ आला की थांबा, प्रश्न सरळ ‘आहे का?’ने संपवा.

६. लहरीला शोधू नका, टाळा

साचा हाती आला की वाटतं, झालं. मग लक्षात येतं की हा साचा लहरीपुढे फुकट आहे. त्याला काहीही विचारा, तो मनातल्या मनात नाणं उडवतो. आणि पहिला प्रश्न ज्याला विचाराल तोच लहरी निघायची शक्यता तीनात एक.

माझी पूर्ण एक रात्र ‘लहरी कोण?’ या प्रश्नामागे गेली. ते एका प्रश्नात कळूच शकत नाही, कारण तीन उमेदवार आणि उत्तरं दोनच. पण ‘लहरी नक्की नाही’ असा एक देव एका प्रश्नात सापडतो. तेवढं पुरतं. तो सापडला की उरलेले दोन्ही प्रश्न त्यालाच. या दोन वाक्यांसाठीच मी हा लेख लिहायला घेतला, असं म्हटलं तरी चालेल.

कसा सापडतो? मधल्या देवाला, म्हणजे ब ला, त्याच्या शेजाऱ्याबद्दल विचारा: अ लहरी आहे का? अर्थात साच्यात घालून.

उत्तर ‘जा’ आलं. दोनच गोष्टी शक्य आहेत. ब स्वतः लहरी असेल आणि उगाच काहीतरी बोलला असेल. किंवा ब लहरी नसेल, मग साच्याप्रमाणे अ लहरी आहे. एकतर ब, नाहीतर अ. दोन्हींत क सुटला.

उत्तर ‘दा’ आलं. पुन्हा, ब स्वतः लहरी असेल, किंवा नसेल आणि मग अ लहरी नाही. दोन्हींत अ सुटला.

लहरीच्या बडबडीचाही आपण उपयोग करून घेतला, हे पाहिलंत का? ब वर विश्वास ठेवायची गरजच पडली नाही. तो भरवशाचा असेल तर त्याचं ऐकायचं, आणि बिनभरवशाचा असेल तर तोच लहरी, मग बाकी दोघंही सुरक्षित.

७. तीन प्रश्न, ओळीने

*पहिला, ब ला:* “मी तुला ‘अ लहरी आहे का?’ असं विचारलं, तर तू ‘जा’ म्हणशील का?”
जा आलं तर पुढे क कडे जा. दा आलं तर अ कडे.

*दुसरा, त्या सुरक्षित देवाला:* “मी तुला ‘तू खोटा आहेस का?’ असं विचारलं, तर तू ‘जा’ म्हणशील का?”
जा आलं तर तो खोटा, दा आलं तर खरा. साध्या शब्दांत विचारलं असतं तर खरा आणि खोटा दोघांनीही ‘नाही’ म्हटलं असतं, बेटावरचं ते वाक्य आठवा. साच्यात घातल्यावर खोट्याला आपलं बिंग आपणच फोडावं लागतं.

*तिसरा, त्याच देवाला:* “मी तुला ‘ब लहरी आहे का?’ असं विचारलं, तर तू ‘जा’ म्हणशील का?”
जा आलं तर ब लहरी. दा आलं तर ज्याच्याशी आपण बोललोच नाही तो लहरी. राहिलेल्याला राहिलेलं नाव.

एक उदाहरण सोंगट्यांवर लावून बघा. उत्तरं आली जा, दा, दा. पहिल्या ‘जा’ने क सुरक्षित, म्हणून पुढचे दोन्ही प्रश्न क ला. दुसऱ्या उत्तराने क खरा: तिसऱ्या जागी पांढरी. तिसऱ्या उत्तराने ब लहरी नाही, म्हणून अ लहरी: पहिल्या जागी राणी. मधे काळी उरली. संपलं.

उत्तरांच्या आठही माळा लिहून काढल्यात तर दिसेल की सहापैकी दोन मांडण्या दोन-दोनदा येतात. त्या दोन कुठल्या? ज्यांत ब लहरी आहे त्या. पहिल्या प्रश्नाला तो काहीही बोलला तरी दोन्ही वाटांनी आपण त्याच्यापर्यंत पोचतो.

तिसरा सापळा: जुन्या पहारेकऱ्यांचं ‘दुसरा काय म्हणेल?’ हे इथे आणू नका. तो दुसरा लहरी असला तर पुढे काय म्हणेल ते कुणालाच ठाऊक नसतं, देवालाही नाही. प्रश्न नेहमी समोरच्याच्या स्वतःच्या उत्तराबद्दल.

८. घरी खेळून तपासा

कागदावर पटलं म्हणजे कळलं असं नाही. दिवाळीत दादाकडे गेले होते तेव्हा आम्ही हे खेळून पाहिलं. आईला खोट्या देवाची सोंगटी आली. “सणासुदीला मी नाही खोटं बोलायची,” म्हणून तिने सोंगटी भाचीला दिली आणि करंज्या तळायला निघून गेली. मग डाव पुन्हा मांडला. दादा, वहिनी आणि भाचीने माझ्या नकळत सोंगट्या वाटून घेतल्या आणि ‘जा’चा अर्थ एका चिठ्ठीवर लिहून ती डब्याखाली ठेवली. लहरी ज्याच्याकडे येईल त्याने प्रत्येक प्रश्नाला खिशातल्या खिशात नाणं फिरवून छापा आला तर ‘जा’ आणि काटा आला तर ‘दा’ म्हणायचं. खरं तर तिघांनीही हात खिशात ठेवायचे, नाहीतर लहरी लगेच ओळखू येतो.

दादा अ, भाची ब, वहिनी क. मी भाचीला पहिला प्रश्न विचारला: अ लहरी का, जा म्हणशील का? तिने बोटांवर बराच हिशोब केला आणि म्हणाली, “दा.” म्हणजे दादा सुरक्षित. पुढचे दोन्ही प्रश्न दादाला. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला “जा”, मग “दा”. मी ऐटीत जाहीर केलं: दादा खोटा, वहिनी लहरी, भाची खरी.

तिन्ही चूक. दादाच लहरी होता. भाची खोटी आणि वहिनी खरी.

चूक वहिनीने पकडली. चिठ्ठीप्रमाणे ‘जा’ म्हणजे नाही होतं. दादा खरंच लहरी होता, म्हणून साध्या प्रश्नाला भाची खोटं बोलून ‘नाही’, म्हणजे ‘जा’ म्हणाली असती. इथवर तिचा हिशोब बरोबर होता. मग तिने विचार केला, ‘मी जा म्हणेन ना? हो, म्हणेन’, आणि हो साठी ‘दा’ म्हणून मोकळी झाली. “अगं, इथे तू खरं बोललीस!” वहिनी म्हणाली. बाहेरच्या प्रश्नालाही खोटंच बोलायचं, म्हणजे ‘नाही’, म्हणजे ‘जा’. भाचीचं म्हणणं, “एकदा खोटं बोलले ना, मग परत कशाला?” खोटा देव असा कंटाळा करत नाही, एवढंच तिला सांगितलं.

तेव्हा तुमच्या घरी खेळताना खोट्याची सोंगटी ज्याच्याकडे येईल त्याला एक कागद द्या. त्यावर त्याने आधी साध्या प्रश्नाचं उत्तर लिहावं, मग दुसरं. तोंडी हिशोबात दर दोन डावांत एकदा गडबड होते.

९. कुणी वाद घातला तर

दोन गोष्टींवरून वाद होतात. पहिली लहरीबद्दल. बूलॉस यांच्या मूळ मांडणीत लहरीच्या डोक्यातलं नाणं ‘दा की जा’ ठरवत नाही, ते ‘या वेळी खरं बोलू की खोटं’ हे ठरवतं. फरक क्षुल्लक वाटतो, पण आपला साचा खऱ्या-खोट्या दोघांकडूनही खरं काढून घेतो. मग प्रत्येक वेळी दोहोंपैकी एकच होणारा लहरी तरी कसा सुटेल? म्हणजे लहरीही कामाचं उत्तर देऊन बसतो आणि कोडं फारच सोपं होतं. ब्रायन आणि लँडन रॅबर्न यांनी २००८ साली हे दाखवून दिलं. म्हणून मी वर सरळ नाण्यावर बोलणारा लहरी घेतला आहे. सुरुवातीलाच कुठला लहरी ते ठरवून घ्या.

दुसरी: ‘हे दोनच प्रश्नांत सुटतं’ असं कुणीतरी छाती ठोकून सांगतं. मग तुमची चार कप्प्यांची मोजणी चुकली का? नाही. तिथे उत्तराचा तिसरा प्रकार आणलेला असतो: देवाला उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न. उदाहरणार्थ, ‘या प्रश्नाला तू नकारार्थी उत्तर देणार आहेस का?’ खऱ्या देवाने नाही म्हटलं तर ते खोटं ठरतं, हो म्हटलं तरी खोटंच. तो अडकतो. खोट्याला मात्र दोन्ही उत्तरं चालतात. अडकणं हेही उत्तर मानलं तर दोन प्रश्नांत तीन गुणिले तीन, नऊ कप्पे होतात. गॅब्रिएल उझ्कियानो यांनी २०१० मध्ये या वाटेने दोन प्रश्नांतलं उत्तर दिलं. ते वाचनीय आहे, पण तीन प्रश्नांचं हाताला बसल्यावर वाचा.

बूलॉस यांचं स्वतःचं उत्तरही नंतरच वाचा. त्यांचा पहिलाच प्रश्न ‘असेल तर आणि असेल तरच’ अशा एकात एक गुंतलेल्या अटींचा आहे. मी त्यालाच धडकले होते आणि पडले होते. ‘विचारलं तर काय म्हणशील’ या साच्याने हे कोडं सोडवणारा टिमथी रॉबर्ट्स यांचा लेख २००१ चा आहे, आणि वरची वाट त्याच अंगाने जाते.

आमच्या घरी त्या रात्री तिसऱ्या डावाला मला तिघंही बरोबर ओळखता आले. सोंगट्या डब्यात भरताना भाचीने विचारलं, “आत्या, पण या वेळी ‘जा’ म्हणजे हो होतं की नाही?” मला माहीत नव्हतं. बारा गोष्टी, आठ कप्पे. डब्याखालची चिठ्ठी तिनेच उघडली.